ड्रॅगनच्या पोटातली जाऊ

"गादी आहे हो ती, गादी! गादीला शेपूट शिवलंय आणि म्हणे ड्रॅगन!"

दार उघडल्याबरोबर पहिला बाहेर पडलेला गृहस्थ हे बोलला आणि थोरलीच्या जिवाला थंडावा मिळाला. दाराचा एक पल्ला पाठीने रेटून ती उभी होती. हातात विझवलेली बॅटरी, चेहऱ्यावर काही नाही. थिएटरात दारावर उभ्या राहणाऱ्या बाईला लोक माणसात धरत नाहीत, त्यामुळे तिच्यासमोर वाट्टेल ते बोलतात. भिंतीला कान असतात म्हणतात, पण दाराला असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मागून दोन कॉलेजची पोरं आली.

"जादूगाराची दाढी बघितलीस? डोंगर चढताना छातीपर्यंत होती, उतरताना पोटापर्यंत."

"अरे, चढायला वेळ लागला असेल!"

थोरलीला हसू आलं, ते तिने खोकून दाबलं. मग एक बाई आली, कडेवर झोपलेलं मूल. "राजवाडा पुठ्ठ्याचा आहे," ती नवऱ्याला सांगत होती. "राजा दार आपटतो तेव्हा अख्खी भिंत थरथरते." नवरा म्हणाला, "दोन तास ड्रॅगन ड्रॅगन, आणि आग एकदाही नाही! आग नसलेला ड्रॅगन म्हणजे पाल." सगळ्यांच्या शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली आणि कुणी विचारलं नव्हतं तरी थोरलीलाच म्हणाली, "चांगला आहे गं. नातवंडांशेजारी बसून मान खाली घालायची वेळ आली नाही. आणि तो ड्रॅगन गुणाचा आहे."

हे शेवटचं वाक्य थोरलीने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. गादी, पाल, दाढी आणि पुठ्ठा मात्र तिने नीट जपून ठेवले. चाळणीने कोंडा ठेवावा आणि पीठ फेकावं असा तिचा त्या आठवड्यातला कारभार होता. कारण त्या गादीच्या आत, त्या शेपटीच्या वर आणि त्या जबड्याच्या खाली, तिची धाकटी जाऊ होती.

कसं ते सांगायला हवं, कारण त्यात सगळा दोष थोरलीचाच होता आणि हेच तिचं खरं दुखणं होतं. दीड-दोन वर्षांपूर्वी एक दाढी वाढलेला तरुण थिएटरात आला. सिनेमा काढतोय म्हणाला. लहान मुलांचा, जादूचा, ड्रॅगनचा. पैसे नव्हते, कॉम्प्युटरवर ड्रॅगन काढायची ऐपत नव्हती, म्हणून कापडाचा आणि स्पंजचा शिवून घेतला होता. पण तो इतका जड झाला की आत शिरलेला माणूस घटकाभरात घामाघूम होऊन बसकण मारी. बुटकं आणि दणकट माणूस हवं होतं. त्याने थोरलीकडे बघितलं. तीही बुटकीच, दणकटही.

"मावशी, तुम्ही कराल?"

थोरलीला रागच आला. आयुष्यभर पडद्याच्या या बाजूला उभी राहिलेली बाई ती. पडद्यावर जायचं तर काय गादीत शिरून? ना चेहरा दिसणार, ना आवाज. ती नाक उडवून म्हणाली, "आमच्या जाऊबाईला विचारा. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलते दिवसभर. तिची कातडी जाडच आहे, अजून एक चढवली तर काय बिघडलं?"

हे ती थट्टेने म्हणाली होती. त्या पोराने खरंच विचारलं, आणि धाकटी खरंच गेली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आणि धाकटी तरी कोण? जी सिनेमा लावला की नावांच्या पाट्या संपायच्या आत घोरायला लागते ती. थोरलीचं तसं नव्हतं. तिच्या लेकीच्या, मुंगीच्या, जन्माआधीपासून ती या दारावर होती. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून बसवायचं, मग बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसायचं, मध्यंतराला दार उघडायचं, शेवटी पुन्हा उघडायचं. अख्खा सिनेमा बसून तिने एकही बघितला नव्हता, पण दाराला पाठ लावून ऐकलेले किती, याला गणती नाही. लोक कधी हसतात, कधी रुमाल काढतात, कधी कंटाळून खुर्च्या करकरवतात, हे तिला पाठीने कळायचं. मॅनेजरसाहेबांनाही हे ठाऊक होतं. साहेब स्वतः सिनेमे बघत नसत, त्यांना अंधारात गुदमरल्यासारखं व्हायचं. रोज शेवटचा खेळ सुटला की ते केबिनच्या दारात येऊन एकच विचारत, "काय बाई, दार काय म्हणतंय?"

मग ती सांगायची. दार म्हणतंय शनिवारपर्यंत दम आहे. दार म्हणतंय बायकांना आवडला, बुवांना नाही. दार म्हणतंय उतरवा. बुधवारी साहेब तिच्या शब्दावर ठरवत की सिनेमा पुढच्या आठवड्यात ठेवायचा की शुक्रवारी बदलायचा. तिकीटविक्रीचा आकडा त्यांच्या टेबलावर असायचाच, पण ते म्हणत, आकडा कालचं सांगतो, दार उद्याचं सांगतं. घरात थोरलीला कुणी काही विचारत नसे. सासूबाई मीठ किती टाकायचं तेसुद्धा धाकटीला विचारायच्या. जगात एकच माणूस तिचं मत विचारायचा आणि मानायचा. त्या मानावर ती जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

तर तो ड्रॅगनचा सिनेमा फिरत फिरत शेवटी त्यांच्याच थिएटरात लागला.

घर एक, खोल्या दोन, स्वयंपाकघर सामाईक. त्या संध्याकाळी थोरली दुपारच्या खेळानंतर जेवायला घरी आली तेव्हा धाकटी ओट्यापाशी उभी होती. लाँड्रीच्या वाफेने तिचे हात नेहमी लालबुंद असत. तिने थोरलीचं ताट वाढलं आणि लगेच समोर बसली.

"ताई, आज काय म्हणाले लोक?"

"काय म्हणणार! गादी म्हणाले."

"गादी?"

"शेपूट लावलेली गादी. आणि एक जण पाल म्हणाला." थोरलीने घास घेतला. त्या दिवशी जेवण फार चविष्ट लागत होतं.

धाकटीने तिच्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "पाल बारीक असते. मी बरीच मोठी होते." आणि स्वतःच हसली. तिचं हे असंच. तिला टोचलं तरी ती फुगा फुटल्यासारखी फुटत नसे, आणि त्याने थोरलीच्या अंगाचा आणखी तिळपापड होई.

"पण चांगलं कुणीच बोललं नाही का?"

"एक म्हातारी होती. तिला दिसत नसावं नीट."

कोपऱ्यात मुंगी गृहपाठ करत बसली होती. थोरलीची ही एकुलती एक पोर, आठ वर्षांची, आणि त्या दिवसांत तिच्या तोंडी एकच विषय. "काकू, आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीय तू ड्रॅगन आहेस. बाई म्हणाल्या, तुझ्या काकूंना शाळेत आण. आणशील ना शेपूट?"

"आणि मी थिएटरात असते ते नाही सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

मुंगीने पेन्सिल चावत विचार केला. "त्यात काय सांगायचं?"

ताटातला घास थोरलीने खाली ठेवला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती मनात म्हणाली, आणि हे तिने धाकटीला उद्देशून म्हटलं, पोरीला नाही. पोर आपली होती. निदान आतापर्यंत होती.

धाकटीला काही पत्ताच नव्हता. ती पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, "ताई, दुसरा आठवडा चालेल ना हो? बाबांच्या डोळ्याची पट्टी शनिवारी निघतेय. रविवारी सकाळच्या गाडीने ते येतायत. मी अजून बघितला नाहीये मुद्दाम. म्हटलं, अख्खं घर एकदम जाऊ, बाबांना मधे बसवू."

धाकटीचे बाबा म्हणजे एक कडक म्हातारा. तीन मुलगे शिकवले, मुलीला म्हणाला, तुझं काय, तू दुसऱ्याच्या घरी जाणार. तिच्या लग्नानंतर तो इथे फक्त एकदा आला होता, तोही कुणाच्या तरी आजारपणात.

"डोळे उघडल्यावर पहिलं तुला बघायला येणार आणि तू तर आत!" थोरली म्हणाली. "दिसणार काय तुझं?"

"पाय दिसतात ना," धाकटी गंभीरपणे म्हणाली. "पायांना कापड पुरलं नव्हतं. रंग लावलाय, पण पाय माझेच."

बुधवारी रात्रीचा खेळ सुटला. साहेब दारात आले. हवेत गारठा होता, त्यांनी मफलर कानावरून गुंडाळला होता.

"काय बाई, दार काय म्हणतंय?"

खरं सांगायचं तर दार बरंच काही म्हणत होतं. शनिवारी आलेली पोरं मंगळवारी पुन्हा आली होती, येताना शेजारची पोरं घेऊन. आणि एक गोष्ट थोरलीच्या पाठीला पहिल्या दिवसापासून जाणवत होती. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने पोरं खदाखदा हसायची, आणि मग एकाएकी सगळा हॉल गप्प व्हायचा. पॉपकॉर्नची पाकिटं वाजायची थांबायची. खुर्ची करकरायची नाही. इतकी शांतता तिने भल्याभल्या नटांच्या मरणाच्या प्रसंगालाही ऐकली नव्हती. एरवी तिने दार किलकिलं करून डोकावलं असतं. पण त्या कापडी जनावराचं तोंड बघायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

"हसतात साहेब," ती म्हणाली.

"हसण्याचाच सिनेमा आहे ना?"

"सिनेमावर हसतात. ड्रॅगनला गादी म्हणतात."

साहेबांनी मान हलवली. "मग उतरवू. शुक्रवारपासून मारामारीचा आहे एक, त्याचे लोक विचारतच होते." आणि ते केबिनमध्ये गेले. इतकं सोपं होतं ते. थोरली पॅसेजमधले दिवे मालवत गेली आणि तिच्या मनात आलं, मी कुठे खोटं बोलले? हसतातच की.

गुरुवारी दुपारी ती कामावर आली तेव्हा थिएटरच्या तोंडाशी शिडी लागलेली होती आणि पोस्टरवाला खळीची बादली घेऊन वर चढत होता. त्याच्या काखेत नव्या सिनेमाची गुंडाळी होती. जुन्या पोस्टरवर ड्रॅगन दोन पायांवर उभा होता. पाय खरंच धाकटीचे होते. बोटं जरा फाकलेली, डाव्या अंगठ्याचं नख मोडलेलं. रंगाने काय झाकणार!

खेळ सुरू झाला. मध्यंतर झालं. थोरली स्टुलावर बसली. आत पोरं हसायला लागली आणि तिला कळलं, आता ते येणार. उद्यापासून तर हे जनावर जाणारच आहे, तिने स्वतःला समजावलं. मेलेल्याचं तोंड बघायला हरकत नसते. तिने दार ढकललं आणि बॅटरी न लावता आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

पडद्यावर बर्फ पडत होतं. बर्फ कसलं, कापूस होता तो, आणि मधूनमधून त्याच्या गाठी पडत होत्या. एक छोटी मुलगी वाट चुकून बसली होती, थंडीने कुडकुडत. समोर ड्रॅगन. गोष्ट अशी असावी की त्याची आग जादूगाराने काढून घेतली होती. ड्रॅगनने छाती फुगवली, जबडा उघडला, जोर लावला. काही नाही. पोरं हसली. पुन्हा फुगवली, पुन्हा काही नाही. जबड्याचा स्पंज मात्र एका बाजूला कलला. पोरं आणखी हसली. थोरलीही गालातल्या गालात हसली.

मग ड्रॅगन थांबला. मुलीसमोर खाली बसला. त्याने आपले दोन्ही पंजे जोडून ओंजळ केली, ती तोंडाशी नेली आणि आत फुंकलं. सावकाश, खूप वेळ. मग ते दोन्ही पंजे मुलीच्या कानांवर ठेवले. वरून एकदा घट्ट दाबले. आणि आपलं ते अवाढव्य डोकं पुढे आणून मुलीच्या कपाळाला हळूच टेकवलं.

हॉल गप्प झाला.

थोरलीचे पाय जमिनीला चिकटले. कारण हे तिचं होतं. मुंगी चालायला लागली तेव्हापासून, थंडीच्या दिवसांत, बाहेर पडताना दाराच्या उंबऱ्यात ती हेच करायची. ओंजळ, फुंकर, कान, वरून एक दाब, आणि कपाळाला कपाळ. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाचं बघितलं नव्हतं. आणि त्या वेळी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून धाकटी आपला डबा भरत असायची. पाठमोरी! म्हणजे तिला पाठीलाही डोळे होते तर.

त्या क्षणी थोरलीच्या मनात काही उदात्त आलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तिच्या मनात आलं, चोरटी. माझं मीठ घेतलंस, माझी सासू घेतलीस, माझी पोर घेतलीस, आणि आता हेही? जगात एवढं एकच मला सुचलेलं, तेही तू गादीत शिरून, माझ्याच थिएटरात, माझ्याच पडद्यावर? तिचे कान तापले. वाटलं, पुढे जाऊन पडद्यावर बॅटरी मारावी आणि ओरडावं, अहो, हे माझं आहे!

मग तिचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत एका बाईने, नकळतच, आपल्या शेजारच्या पोराच्या कानांवर हात ठेवले होते. पलीकडे एक धिप्पाड बाप आपली ओंजळ तोंडाशी नेऊन बघत होता, करता येतं का ते. पडद्याच्या उजेडात सगळे चेहरे वर केलेले, सगळ्यांची तोंडं अर्धी उघडी. इतके लोक तिच्या उंबऱ्यात उभे होते. आणि उद्यापासून इथे मारामारी.

कुणी काढलं ते? तिनेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ती बाहेर आली ती थेट केबिनमध्ये. साहेब चहा पीत होते.

"साहेब, तो सिनेमा उतरवू नका."

"का?"

"चालतोय. पोरं पुन्हा पुन्हा येतायत. मध्यंतरानंतर हॉल असा गप्प होतो की टाचणी पडली तर ऐकू येईल."

साहेबांनी कप खाली ठेवला. "काल तर म्हणालात हसतात."

"दार चुकलं."

"तुमचं दार?" साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा जरा सैलावला. "बाई, कॅन्टीनवाला सांगत होता, त्या ड्रॅगनमध्ये तुमची जाऊ आहे म्हणून. घरचं माणूस आहे, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण दाराने असं नात्यागोत्याचं बोलायला लागलं तर मी कुणावर विसंबायचं? काल खरं बोललात, ते बरं केलंत. जा आता."

थोरली तिथेच उभी राहिली. आता गेली असती तरी चाललं असतं. तिचा मान शाबूत होता. साहेबांच्या लेखी ती कालही खरी होती आणि आज फक्त मायाळू होती. बाहेर शिडी सरकवल्याचा आवाज आला.

"घरचं माणूस आहे म्हणूनच काल खोटं बोलले साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जळते मी तिच्यावर." हे वाक्य तिने आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. ते इतकं छोटं निघालं याचं तिलाच नवल वाटलं. "ती आत आहे म्हणून मी लोकांचं नुसतं वाईट तेवढं गोळा केलं. चांगलं बोलले ते सांगितलंच नाही. आज सांगतेय ते खरं आहे. पाहिजे तर स्वतः येऊन ऐका."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग उठले, केबिनचं दार उघडून पोस्टरवाल्याला हाक मारली, "अरे, खाली उतर! राहू दे तो." परत येऊन त्यांनी फोन उचलला. नव्या सिनेमावाल्याने पलीकडून बरंच सुनावलेलं थोरलीला उभ्या जागी ऐकू येत होतं. साहेब "हो, हो, माझी चूक" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "खेळ सुटायची वेळ झाली. दार उघडा."

त्या रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर साहेब नेहमीसारखे केबिनच्या दारात आले. थोरलीने पदर सारखा केला आणि उभी राहिली. साहेबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि कॅन्टीनवाल्याला हाक मारली, "काय रे, लोक काय म्हणतायत?"

कॅन्टीनवाला भांडी विसळत म्हणाला, "पॉपकॉर्न खपतंय साहेब." साहेबांनी मान हलवली. थोरली पॅसेजमधले दिवे मालवत गेली.

रविवारी अख्खं घर आलं. पुढे धाकटी, इस्त्रीची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. तिच्या हाताला धरून काळा चष्मा लावलेले बाबा. मागे सासूबाई, आणि सगळ्यांच्या मधून उड्या मारत मुंगी. थोरलीने बॅटरी लावून त्यांना रांगेपर्यंत नेलं. म्हाताऱ्याच्या पायापुढे उजेडाचा गोल धरत ती म्हणाली, "सावकाश, पायरी आहे."

"ताई, तुम्ही पण बसा ना," धाकटी कुजबुजली. "ही खुर्ची रिकामी आहे."

"मी कामावर आहे," थोरली म्हणाली.

खेळ सुटला तेव्हा तिने दाराचा पल्ला पाठीने रेटून धरला. लोक आले. कुणी दाढीवर हसलं, कुणी पुठ्ठ्यावर. एक पोरगा रडून लाल झालेले डोळे पुसत "मी रडलोच नाही" असं आईला सांगत होता. तिने सगळं ऐकलं, आता कुणाला सांगायचं नव्हतं तरी. सासूबाई बाहेर आल्या त्या डोळे चोळत. मध्यंतरापासून त्या गाढ झोपल्या होत्या आणि सिनेमा फारच छान होता असं म्हणत होत्या.

म्हातारा दारात थांबला. त्याने काळा चष्मा काढला, रुमालाने डोळ्याची कड टिपली आणि चष्मा पुन्हा चढवला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"पाय ओळखले मी," तो लेकीला म्हणाला. "माझ्या आईचे पाय आहेत तुझे."

धाकटीने खाली आपल्या पायांकडे बघितलं.

"आणि ते कानावर हात ठेवायचं," म्हातारा म्हणाला, "ते कुठून आणलंस गं? आपल्या घरात कुणी करत नव्हतं तसं."

थोरलीची पाठ दारावर ताठ झाली.

"काय माहीत बाबा," धाकटी म्हणाली. "डायरेक्टर म्हणाला, आगीला पैसे नाहीत, तुम्हीच काहीतरी करा. त्या पोरीचे कान खरंच गार पडले होते हो. मला काही सुचेना. मग आपोआपच झालं." तिने थोरलीकडे बघून हसून विचारलं, "बरं होतं ना ताई ते?"

तिच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. ती चोर असती तर फार बरं झालं असतं. चोराकडून वस्तू परत मागता येते. थोरलीच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते, सगळे एका ओळीत उभे होते.

"बरं होतं," ती म्हणाली. "व्हा पुढे, मागे लोक खोळंबलेत."

सोमवारी सकाळी दातावर दात वाजावेत अशी थंडी होती. धाकटी ओट्यापाशी डबा भरत होती. मुंगी बूट घालून, दप्तर पाठीला लावून उंबऱ्यात उभी राहिली. थोरली तिच्यासमोर बसून स्वेटरची वरची गुंडी लावत होती.

"आई, ड्रॅगनचं कर ना," मुंगी म्हणाली.

"कसलं ड्रॅगनचं?"

"अगं ते कानाचं! काकूने केलं ते."

"ते तर मी रोज..." थोरली थांबली. ओट्यावर डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. तिने ओंजळ केली, तोंडाशी नेली आणि फुंकलं. मग हात पोरीच्या कानांवर ठेवले.

मुंगीने नाक मुरडलं. "असं नाही गं. काकू हळू फुंकते. खूप वेळ."

थोरलीने हात काढून घेतले. पुन्हा ओंजळ केली, तोंडाशी नेली आणि हळू फुंकलं, खूप वेळ.